मराठी प्रकाशकांना खुलं पत्र: ई-पुस्तकांचं एक सामाईक दुकान काढा

प्रति,
मराठी प्रकाशक आणि ग्रंथविक्रेते,
पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, पणजी आणि इतरत्र

स.न.वि.वि.

छापील पुस्तकांची ई-पुस्तकं करून देणं हा माझा धंदा आहे. तुमच्यापैकी काही जणांच्या फायली माझ्याकडे येऊन गेल्या आहेत, काहींच्या यायच्या आहेत. फाइल येते तेव्हा सोबतची सूचना बहुतेक वेळा एकच असते: "तेवढं किंडलवर टाकून द्या." कोणत्या अटींवर टाकायचं, किती देशांत विकायचं, फायलीला कुलूप (दुसऱ्या यंत्रावर नेता किंवा उतरवता येऊ नये म्हणून लावतात ते 'डीआरएम') लावायचं की नाही, दुसऱ्या दुकानात ठेवायचं की नाही, यातलं काहीच ठरलेलं नसतं. छापील पुस्तकाला कागद किती जीएसएमचा हवा यावर अर्धा तास घालवणारे प्रकाशक ई-पुस्तकाच्या अटी न वाचता 'सहमत'वर टिचकी मारतात. एकेकट्याला फोनवर सांगून उपयोग नाही, कारण हा प्रश्न एकेकट्याने सुटणारा नाही. म्हणून हे पत्र उघड्यावर.

मागणी आधीच सांगून टाकतो. मराठी ई-पुस्तकांसाठी तुम्ही सगळ्यांनी मिळून एक सामाईक दुकान काढा, तिथे कुलूप नसलेली पुस्तकं विका आणि वाचकाला ती हव्या त्या यंत्रावर नेऊ द्या. स्वतःचं यंत्र काढायच्या फंदात पडू नका. आणि किंडल ज्यांचं आहे त्या ॲमेझॉनवरून पुस्तकं काढून घ्या असं मी म्हणत नाही. तिथे गिऱ्हाईक आहे, तिथे माल असलाच पाहिजे.

ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायची यंत्रं, विकणाऱ्या कंपन्यांची चुरस आपण यंत्रांची चुरस समजतो. कुणाची बॅटरी जास्त टिकते, कुणाचा पडदा रंगीत, कुणाचं पाण्यात पडलं तरी चालतं. पण पडदाच बघा ना. किंडल, कोबो, नूक, टोलिनो, पॉकेटबुक, बूक्स ही नावं वेगळी. कागदासारखा दिसणारा तो करडा पडदा जवळपास सगळ्यांचा ई इंक या एकाच कंपनीचा. अमेरिकेत एमआयटीतल्या संशोधनातून १९९७ मध्ये निघालेली ही कंपनी २००९ मध्ये तैवानच्या मालकीची झाली. २०२४ च्या एप्रिलमध्ये कोबोने आणि ऑक्टोबरमध्ये ॲमेझॉनने रंगीत ई-रीडर आणले, तेव्हा दोन्हीकडचं रंगाचं तंत्र ई इंकचंच होतं. पडदा सारखाच असला की यंत्राच्या जोरावर कुणी फार पुढे जाऊ शकत नाही. उरते किंमत, आणि तिचं काय झालं तेही पाहून घ्या. २१ जून २०१० ला बार्न्स अँड नोबल या अमेरिकी पुस्तकदुकानांच्या साखळीने आपल्या नूकची किंमत २५९ डॉलरवरून १९९ वर आणली. त्याच दिवशी काही तासांत ॲमेझॉनने किंडल २५९ वरून १८९ वर आणलं. दोन वर्षांनी ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी उघडच सांगितलं की किंडल आम्ही जेवढ्याला पडतं तेवढ्याला विकतो. पैसे त्यावर होणाऱ्या खरेदीतून कमावतो.

म्हणजे यंत्र हे दुकानाचं दार. ज्याचं दार घरात शिरलं त्याचं दुकान चाललं. सोनीचं उदाहरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. ई इंकचा पडदा असलेलं पहिलं बाजारी यंत्र सोनीचं, लिब्रिए, २००४ मध्ये जपानात आलं. यंत्र देखणं होतं. पण त्यावर घेतलेलं पुस्तक साठ दिवसांनी आपोआप बंद पडायचं! पुस्तक विकत घेतल्यावर दोन महिन्यांत हातातून जाणार असेल तर ते कोण घेईल? किंडल तीन वर्षांनी, १९ नोव्हेंबर २००७ ला, ३९९ डॉलरला आलं. दिसायला ओबडधोबड, पण मागे पुस्तकांचं भरलेलं दुकान आणि यंत्रातूनच विनातार खरेदी. पहिला साठा साडेपाच तासांत संपला. सोनीने नंतर यंत्रं सुधारली, दुकानही काढलं, पण २०१४ मध्ये अमेरिकेतलं ते दुकान बंद करून गिऱ्हाइकं कोबोच्या हवाली केली.

हे 'हवाली करणं' तुम्ही नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. ब्रिटनमध्ये नूकने २०१६ च्या मार्चमध्ये दुकान आवरलं आणि वाचक सेन्सबरीज या किराणा साखळीच्या ई-पुस्तक विभागाकडे पाठवले. सेन्सबरीजने त्याच वर्षी तो विभाग बंद केला आणि वाचक पुन्हा पुढे, कोबोकडे. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ई-पुस्तकं विकायला सुरुवात केली, २०१५ च्या अखेरीस हात झटकले, आणि वाचक गेले कोबोकडेच. अशा प्रत्येक स्थलांतरात जी पुस्तकं नव्या दुकानाच्या यादीत नसतात ती मागे राहतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं दुकान बंद केलं तेव्हा पैसे परत दिले, हे त्यांचं चांगलं; पण लोकांच्या कपाटातली पुस्तकं मात्र जुलैत नाहीशी झाली. चीनमध्ये किंडलचं दुकान ३० जून २०२३ ला बंद झालं आणि घेतलेली पुस्तकं उतरवून घ्यायला वाचकांना एक वर्ष मिळालं. चीनसारखी बाजारपेठ सोडून देता येते, तर मराठीची पत्रास कोण ठेवणार?

बंद न पडताही काय होऊ शकतं ते २००९ मध्ये दिसलंच. विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून विकत घेतलेली दोन पुस्तकं दुरून पुसून टाकली. ती नेमकी जॉर्ज ऑर्वेलची निघाली, त्यातलं एक '१९८४', म्हणजे नकोसा मजकूर पुसून टाकणाऱ्या सत्तेची कादंबरी. असा योग कुणी कथेत घातला असता तर संपादकाने तो भडक म्हणून काढायला लावला असता. कंपनीने माफी मागितली, पण पुसण्याची सोय यंत्रात होती हे कळून चुकलं. आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घेऊन यूएसबीने यंत्रात टाकण्याची जुनी सोयही ॲमेझॉनने काढून घेतली. वाचकाच्या हातात स्वतःची अशी प्रत राहण्याचा एक मार्ग त्या दिवशी बंद झाला.

आता हे सगळं वाचकाचं दुखणं झालं, प्रकाशकाला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. त्यासाठी अमेरिकेतल्या प्रकाशकांकडे पाहा. २००९ च्या सुमाराला तिथल्या ई-पुस्तकांचा सुमारे ९० टक्के व्यवहार ॲमेझॉनच्या हातात होता आणि नवी गाजलेली पुस्तकं ते ९.९९ डॉलरला, कित्येकदा पदरचे पैसे घालून, विकत होते. प्रकाशक घाबरले: ही किंमत लोकांच्या डोक्यात बसली की उद्या आपल्याकडून पुस्तक कमी दराने मागणार. २०१० मध्ये ॲपल आयपॅड आणि स्वतःचं पुस्तकदुकान घेऊन उतरलं तेव्हा पाच मोठ्या प्रकाशकांनी त्यांच्याशी जुळवून घेतलं. किंमत प्रकाशक ठरवणार, दुकान ३० टक्के घेणार. मॅकमिलनने हीच अट ॲमेझॉनपुढे ठेवली तर ॲमेझॉनने त्यांच्या सगळ्या पुस्तकांवरचं, छापीलसुद्धा, खरेदीचं बटणच काही दिवस काढून टाकलं. पुढे सरकारने एप्रिल २०१२ मध्ये ॲपल आणि पाचही प्रकाशकांवर खटला भरला. प्रकाशकांनी तडजोड केली, ॲपल लढलं आणि जुलै २०१३ मध्ये हरलं. शेवटी त्याला ४५ कोटी डॉलर मोजावे लागले.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, कुलूप आणि दुकान दोन्ही एकाच्या हातात गेलं की पाच बलाढ्य प्रकाशकांनाही एकट्याने त्याच्यापुढे उभं राहता येईना. दुसरी आपल्या कामाची: एकत्र येऊन किमती ठरवायच्या नाहीत. आपल्याकडेही २००२ चा स्पर्धा कायदा आहे आणि त्याच्या कलम ३ प्रमाणे संगनमताने भाव ठरवायला मनाई आहे. सामाईक दुकान काढा. पण पुस्तकाची किंमत ज्याची त्याने ठरवावी. बैठकीच्या इतिवृत्तात भावाबद्दल एक वाक्यसुद्धा नको.

सामाईक दुकान चालतं का, याचं उत्तर जर्मनीत आहे, आणि मला वाटतं आपल्या मंडळींनी अमेरिकेपेक्षा त्या देशाकडे जास्त बघायला हवं. किंडल तिथे पाय रोवत होतं तेव्हा थालिया, वेल्टबिल्ड, हुगेनडुबेल आणि क्लब बर्टेल्समान हे एकमेकांचे हाडवैरी असलेले पुस्तकविक्रेते एका टेबलाशी बसले. सोबत डॉइचे टेलिकॉम ही दूरसंचार कंपनी घेतली. मार्च २०१३ मध्ये त्यांनी टोलिनो नावाने एक ई-रीडर आणला, किंमत ९९ युरो. यंत्र सगळ्यांचं एकच. पण थालियातून घेतलं तर आत दुकान थालियाचं, हुगेनडुबेलमधून घेतलं तर हुगेनडुबेलचं. पुस्तकं साठवायची व्यवस्था टेलिकॉमची, आणि टेलिकॉमच्या हजारो सार्वजनिक वायफाय ठिकाणी यंत्राला फुकट जोडणी. यंत्र ईपब हा खुला साचा वाचत होतं, त्यामुळे वाचक दुसऱ्या दुकानातून घेतलेलं पुस्तकही त्यात टाकू शकत होता. वेगवेगळ्या दुकानांतली खाती जोडून सगळी पुस्तकं एकाच कपाटात लावता येत होती. सार्वजनिक ग्रंथालयांमधून ई-पुस्तकं उसनी देणारी 'ऑनलाइए' ही तिथली सेवा टोलिनोवर चालायची. किंडलवर चालत नव्हती. गावातल्या वाचनालयाचा सभासद असलेल्या बाईंना यंत्र निवडायला एवढं एक कारण पुरे होतं.

दोन-एक वर्षांत टोलिनो जर्मनीत किंडलच्या बरोबरीला येऊन बसलं. २०१४ मध्ये लिब्री या मोठ्या घाऊक विक्रेत्यामार्फत छोटी स्वतंत्र दुकानंही आत आली. त्याच वर्षी जानेवारीत संस्थापकांपैकी वेल्टबिल्डने दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी टोलिनो थांबलं नाही, कारण ते एकट्याचं नव्हतंच.

मी हे गुलाबी करून सांगत नाही. जर्मनीत पुस्तकाची किंमत कायद्याने बांधलेली असते, ई-पुस्तकाचीही. त्यामुळे ॲमेझॉनला भाव पाडून दुकानदारांना मारता येत नाही. आपल्याकडे तसा कायदा नाही. दुसरं, २०१७ मध्ये टेलिकॉम बाहेर पडली आणि तांत्रिक बाजू राकुतेन कोबोकडे गेली. आज टोलिनोचं यंत्र म्हणजे आतून कोबोच. म्हणजे यंत्र बनवणं हे तिथल्या बलाढ्य दुकानदारांनाही झेपलं नाही. म्हणूनच वर म्हटलं, यंत्राच्या फंदात पडू नका. भारतातही २०१० मध्ये इन्फिबीमने 'पाय' नावाचा ई-रीडर ९,९९९ रुपयांना काढला होता, भारतीय भाषांचा गाजावाजा करून. आज तो कुणाच्या घरात दिसतो का?

आता आपल्या अंगणात येऊ. किंडलचं भारतीय दुकान ऑगस्ट २०१२ मध्ये उघडलं, पण मराठी पुस्तकं तिथे रीतसर यायला डिसेंबर २०१६ उजाडावं लागलं. त्याच्या आधीपासून बुकगंगा मराठी ई-पुस्तकं विकत आली आहे, तीही स्वतःच्या ॲपमधून. गुगल प्ले बुक्सवर काही आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान फुकट पीडीएफ वाटतं, साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची प्रकाशनं उतरवून घेता येतात. म्हणजे माल आहे, पण प्रत्येक ठिकाणचं कपाट वेगळं. बुकगंगावर घेतलेलं किंडलवर जात नाही, किंडलवर घेतलेलं कोबोवर जात नाही. इंग्रजी वाचक हे चालवून घेतो, कारण एका दुकानात त्याला लाखो पुस्तकं मिळतात. मराठी वाचकाला एका लेखकाची तीन पुस्तकं तीन ठिकाणी शोधावी लागतात, आणि चौथ्याचं ई-पुस्तकच नसतं. मग तो टेलिग्रामच्या गटात जातो. तिथे चारही असतात.

चोरीची भीती हेच तर तुम्ही कुलूप लावण्याचं कारण सांगता. मला तुमची भीती कळते. पुण्यातल्या आणि मुंबईतल्या फुटपाथवर तुमच्याच पुस्तकांच्या चोरट्या प्रती मीही पाहिल्या आहेत. पण टेलिग्रामवर फिरणारी मराठी पीडीएफ एकदा उघडून नीट पाहा. पान तिरकं असतं, कडेला अंगठ्याची सावली, पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का. ती तुमच्या छापील पुस्तकावरून केलेली असते. तुमच्या ई-पुस्तकाचं कुलूप त्या चोराला आडवं जातच नाही. ते आडवं जातं पैसे भरलेल्या वाचकाला. टॉर हे विज्ञानकथा छापणारे मोठे प्रकाशक. त्यांनी २०१२ मध्ये आपल्या सगळ्या ई-पुस्तकांचं कुलूप काढलं आणि वर्षभराने सांगितलं की चोरी वाढल्याचं काही जाणवलं नाही.

कुलपाची खरी मेख धंद्यात आहे. कुलूप तुमच्या मालाला लागतं, पण किल्ली दुकानदाराच्या कमरेला असते. कुलूपबंद पुस्तक किंडलवर न्यायचा रस्ता ॲमेझॉनच्या दुकानातूनच जातो. उलट कुलूप नसलेला ईपब २०२२ पासून वाचक स्वतः ईमेल करून आपल्या किंडलवर पाठवू शकतो. तोच ईपब कोबोत जातो, फोनवर उघडतो. म्हणजे कुलूप काढलं तर तुम्ही तुमच्या दुकानातून, तुमच्या भावाने, ॲमेझॉनला एक पैसा न देता, किंडलवाल्या वाचकाला थेट पुस्तक विकू शकता. ज्याच्या प्रतीवर खरेदीदाराचं नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं असं खूण घातलेलं पुस्तक द्या. सभ्य माणसाला तेवढं पुरतं.

आता तो अर्ज, जो तुम्ही न वाचता भरता. लहान प्रकाशक साधारणपणे ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशनाच्या व्यवस्थेतून पुस्तक चढवतात. मोठ्यांचे करार वेगळे असतील. तीन पानं असतात. पहिल्यावर नाव, लेखक, भाषा. दुसऱ्यावर फाइल, मुखपृष्ठ, आणि कुलपाचा प्रश्न: हो की नाही. इथे सगळे 'हो' करतात, कारण 'हो' सुरक्षित वाटतं. तिसऱ्यावर पैशाच्या गोष्टी. भारतातल्या विक्रीवर तुम्हाला ३५ टक्के हवेत की ७०? साहजिकच ७०. पण भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर पुस्तक 'केडीपी सिलेक्ट'मध्ये घालावं लागतं, आणि सिलेक्ट म्हणजे नव्वद दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही. स्वतःच्या संकेतस्थळावरही नाही. नव्वद दिवस संपले की, तुम्ही खूण काढली नसेल तर, आपोआप पुढचे नव्वद. अनेकांची पुस्तकं अशी वर्षानुवर्षं एका दुकानात बांधलेली आहेत आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. त्याच पानावर कोणत्या प्रदेशात विकायचं हेही असतं. कुणीतरी तिथे फक्त भारत निवडतं आणि मग सॅन होजेतली मराठी बाई विचारत बसते की हे पुस्तक मला का दिसत नाही. तिच्यासाठी छापील प्रत विमानाने पाठवायचा खर्च पुस्तकाच्या किमतीच्या वर जातो. ई-पुस्तकाची सगळ्यात पक्की गिऱ्हाईक तीच.

तुमच्या फायलींबद्दलही बोलायला हवं, कारण दुकान काढलं तरी त्यात ठेवणार काय हा प्रश्न उरतोच. २०००च्या आसपासचं एखादं चांगलं खपाऊ पुस्तक घ्या. श्रीलिपी किंवा आकृती या जुन्या फाँटप्रणालींत जुळवलेलं, पेजमेकर या पानं लावायच्या प्रणालीत मांडलेलं. ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, बदलली की 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं येतात. हे तरी शोधून बदलता येतं. खरी पंचाईत पुढे आहे. शेवटच्या प्रुफातल्या दुरुस्त्या त्या काळी बटर पेपरच्या पानावर ओळ कापून चिकटवून केलेल्या असायच्या. त्या फाइलमध्ये नाहीतच. म्हणून छापील प्रत समोर ठेवून ओळ न् ओळ मिळवावी लागते, आणि ते मुद्रितशोधन जाणणाऱ्या माणसाचं काम आहे. त्याचे पैसे वाचवायला बरेच जण पानांची पीडीएफ करून तिलाच ई-पुस्तक म्हणतात. सहा इंची पडद्यावर डेमी आकाराचं पान वाचून पाहा. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. प्रत्येक ओळीला बोटाने पान सरकवत बसायचं. मराठी वाचकाला ई-पुस्तक आवडत नाही हा निष्कर्ष आपण अशा पीडीएफवरून काढला आहे.

फाँटचंही तेच. बऱ्याच यंत्रांत देवनागरी म्हणजे हिंदी वळणाचा 'ल' आणि हिंदी वळणाचा 'श'. पुस्तकातच चांगला मराठी फाँट घातला तर प्रश्न बऱ्यापैकी सुटतो, पण एकेका प्रकाशकाने तो परवान्यासह विकत घ्यायचा म्हटलं की अंगावर येतं. सामाईक व्यवस्थेत एकदाच घेता येईल, एकदाच तपासता येईल.

हक्कांचा गुंताही आहे. जुन्या करारांत ई-पुस्तकाचा उल्लेख नाही, आणि कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तर करारात नाव न घेतलेलं, तेव्हा वापरातच नसलेलं माध्यम आपसूक प्रकाशकाकडे येत नाही. लेखक हयात असेल तर एक भेट पुरते. वारस चार असतील तर चार सह्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते तुमच्याऐवजी दुसरं कुणी करणार नाही.

सरकारकडे मागायचं असेल तर सभागृहं आणि पुरस्कार सोडून एक गोष्ट मागा. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. जुलै २०१८ पासून छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर ५ टक्के, आणि नुसत्याच ई-पुस्तकावर १८. मजकूर तोच, कागद तेवढा कमी, आणि कर जास्त. तुमच्या संघटनेने इतकी अधिवेशनं भरवली, त्यातल्या एका ठरावात हे यायला हरकत नव्हती. आणि दुसरी गोष्ट ग्रंथालयांची. १९६७ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात हजारो शासनमान्य वाचनालयं आहेत, त्यांना पुस्तक खरेदीसाठी अनुदान मिळतं. त्यांच्या सभासदाला फोनवर मराठी ई-पुस्तक पंधरा दिवस उसनं मिळावं अशी सोय आजच्या घडीला नाही. ॲमेझॉन ती करणार नाही. अमेरिकेबाहेर ते किंडलवर ग्रंथालयाची पुस्तकं देतच नाहीत. सामाईक दुकान असेल तर ग्रंथालय संचालनालयाशी बोलणी करायला एक तोंड तरी असेल. आज त्यांनी विचारायचं म्हटलं तरी कुणाला विचारावं?

बुकगंगा आधीच आहे, मग नवं दुकान कशाला, असा प्रश्न येईल. कदाचित नवं लागणारही नाही. आहे त्या दुकानांपैकी कुणी कुलूप नसलेला ईपब द्यायला, दुसऱ्या दुकानांशी खाती जोडायला आणि प्रकाशकांना व्यवस्थापनात जागा द्यायला तयार असेल तर तिथूनच सुरुवात करा. मला मालकी कुणाची याच्याशी देणंघेणं नाही. करारात दोन कलमं मात्र हवीत: दुकान बंद पडलं तर वाचकांना फायली उतरवून घ्यायला पुरेसा वेळ आणि साधी सोय मिळेल, आणि गिऱ्हाईक कोण, कुठून, काय घेतो याची माहिती प्रकाशकाला मिळेल. ही दुसरी गोष्ट ॲमेझॉन तुम्हाला देत नाही, तुम्हाला फक्त आकडा आणि रक्कम कळते. आप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराला आपलं नेहमीचं गिऱ्हाईक चेहऱ्याने माहीत असतं.

ॲमेझॉनवर रागावून काही होणार नाही. त्यांनी मराठीला किंडलवर आणलं तेव्हा आपण झोपलेलो होतो हे खरं आहे. पण त्याच कंपनीने २०१६ मध्ये वेस्टलँड ही भारतीय प्रकाशनसंस्था पूर्ण विकत घेतली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. लेखकांना आणि संपादकांना ते बातमीतून कळल्यासारखंच कळलं. पुढे त्या चमूला प्रतिलिपीने आसरा दिला. कंपनी वाईट म्हणून असं झालं नाही. तिच्या ताळेबंदात पुस्तकं हा फार छोटा रकाना आहे. तुमच्या ताळेबंदात दुसरा रकानाच नाही.

सुरुवात कुठून करायची तेही सांगतो. दिवाळी अंकांपासून. त्यांच्या फायली नव्या असतात, युनिकोडमध्ये असतात किंवा सहज होतात. हक्कांचा प्रश्न त्याच वर्षी लेखकाला पत्र पाठवतानाच एका ओळीत मिटवता येतो. अंक विकायला दीड-दोन महिने मिळतात, त्यामुळे चोरीची भीतीही बेताची. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत त्यांना मागणी असते आणि छापील अंक तिथे पोचेपर्यंत तुळशीचं लग्न होऊन गेलेलं असतं. दहा-बारा अंकवाल्यांनी या दिवाळीला एका ठिकाणी, कुलूप न लावता, ईपबमध्ये अंक विकून दाखवावेत. किती विकले गेले, टेलिग्रामवर किती फिरले, दोन्ही आकडे जानेवारीत एकमेकांसमोर ठेवावेत आणि मग पुस्तकांचं ठरवावं.

फायली तपासून, फाँट घालून, जोडाक्षरं नीट करून द्यायचं काम मी आणि माझ्यासारखे आणखी काही जण करून देऊ. पहिल्या वर्षी निम्म्या दरात. फुकट नाही, कारण फुकट केलेल्या कामाचं प्रूफ कुणी वाचत नाही हा आपल्या सगळ्यांचाच अनुभव आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ई-पुस्तकांचा एक जुळारी, पुणे